टियागो ईव्ही की कॉमेट ईव्ही : खेड्यातून केलेली तुलना

तुलनेची सुरुवात शोरूममधून करू नये, घरच्या वीजमीटरपासून करावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावासाठी टाटा टियागो ईव्ही आणि एमजी कॉमेट ईव्ही यांतली एक निवडायची होती. दोन्ही स्वस्तातल्या. टियागो सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून आली, कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांपासून, पुढे दोन्हींच्या सुरुवातीच्या किमती उतरल्या. किमतीने एवढ्या जवळच्या गाड्यांमधलं अंतर गावात आल्यावर फार वाढतं, आणि माहितीपत्रकातल्या रेंजच्या आकड्यात ते दिसत नाही.

आधी लाईन. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. गावातल्या जुन्या कनेक्शनांवर तो बहुधा एक-दोन किलोवॅटच निघतो. दोन्ही गाड्यांचं साधं चार्जिंग ३.३ किलोवॅट ओढतं, म्हणजे २३० व्होल्टला चौदा अँपिअरच्या आसपास. गिझरही जवळपास एवढंच ओढतो, पण वीस मिनिटं. गाडी सात-आठ तास सलग ओढते आणि जिथे जोड ढिला, तिथे वायर तापते. त्यामुळे कूलरच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन काढून गाडी लावायचा विचारच सोडावा. आम्ही महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज गाडी बुक करायच्या आधी टाकला. मग मेन स्विचपासून गाडी उभी राहणार त्या जागेपर्यंत स्वतंत्र लाईन घेतली: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मधे एकही जोड नाही, भार वाढला की लाईन तोडणारा २० अँपिअरचा एमसीबी, करंट गळला की लाईन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट. चार्जिंग लावल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहायचा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायचं. तसंच रेटलं तर आधी पिना काळ्या पडतात, मग प्लास्टिक वितळतं.

टियागोच्या वरच्या मॉडेलांना ७.२ आणि कॉमेटच्या ७.४ किलोवॅटचं घरगुती चार्जिंग मिळतं. ते ३२ अँपिअर मागतं, तेही एकाच फेजवर. घरी थ्री-फेज असलं तरी ताण एका फेजवरच येतो. गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सांजेला जे व्होल्टेज उरतं ते पाहता, घरच्या चार्जिंगसाठी म्हणून या सोयीला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ दिसला नाही. रात्र पुरते.

खरं घोडं अडतं ते अर्थिंगपाशी. गाडीची केबल अर्थिंग तपासूनच करंट सोडते. अर्थिंग नसेल तर लाल दिवा लागतो आणि लोक गाडी खराब निघाली म्हणून फोन लावत बसतात. बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला वायर असते, पण तिचं दुसरं टोक जमिनीत गेलेलंच नसतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजावं. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज आणि अर्थ यांच्यात फेज-न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे. काही जण न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतात. त्याने लाल दिवा जातो खरा, पण खांबावरचा न्यूट्रल तुटला की तोच करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो. वायरमन कितीही ओळखीचा असो, हे करू देऊ नये.

काळ्या मातीची त्यात आणखी एक तऱ्हा आहे. ओली असताना ती करंट चांगला वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की माती पाइपला सोडून मागे सरते आणि रोध चढतो. पावसाळ्यात पास झालेलं अर्थिंग नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, नापास होतं ते यामुळे. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं, ही जुनी पद्धत अजूनही चालते. मात्र उन्हाळ्यात आठवड्याला पाणी ओतायची शिस्त लागते आणि मिठाने पाइप काही वर्षांत गंजतो. तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि तयार भरणपूड वापरली तर खर्च जास्त, पण कटकट कमी. खाली मुरूम किंवा काळा दगड लवकर लागत असेल तर एकाच खड्ड्याशी झुंजू नये. तीन मीटर अंतरावर दोन घेऊन ते पट्टीने जोडावेत. रोध पाच ओहमच्या आत आला म्हणजे काम झालं.

व्होल्टेज सांजेला १८० वर येत असेल तर चौदा अँपिअरला हातात २.५ किलोवॅटच पडतात. सात तासांचं काम नऊ-दहा तासांवर जातं. रात्री अकरानंतर चार्जिंग लावलं की हा प्रश्न बराचसा मिटतो. व्होल्टेज फारच खाली गेलं तर चार्जर स्वतः थांबतो. लाईन गेली आणि परत आली, तर चार्जिंग आपोआप सुरू होतं की केबल काढून पुन्हा लावावी लागते, हे गाडी घ्यायच्या आधी मेन स्विच पाडून-चढवून पाहावं. सकाळी उठून चाळीस टक्क्यांवर अडकलेली गाडी बघायची नसेल तर ही चाचणी रंगापेक्षा महत्त्वाची. इन्व्हर्टरवर चार्जिंग होत नाही. घरगुती स्टॅबिलायझरचाही उपयोग नाही, तो एवढा भार सलग पेलत नाही.

वावरातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायची कल्पना प्रत्येक कास्तकाराला सुचते. कनेक्शन ज्या कामासाठी दिलं त्याहून वेगळा वापर झाला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत ठरतो आणि आकारणी लागते. शिवाय शेतीच्या फीडरवर लाईन ठरावीक तासच असते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र हरकत नाही, वेगळं कनेक्शन घ्यावंच लागतं असं नाही.

आता रेंज. बाजारात आली तेव्हा कॉमेटचा दावा २३० किलोमीटरचा होता, टियागोचा १९.२ युनिटच्या बॅटरीला २५० आणि २४ युनिटच्या बॅटरीला ३१५. हे आकडे चाचणीघरातल्या ठरावीक चक्रावर निघतात. उपयोगाचा आकडा एकच: शंभर किलोमीटरला किती युनिट. आमच्या रस्त्यांवर, साठ-सत्तरच्या वेगाने, एसी न लावता कॉमेट दहा ते अकरा युनिट खाते, टियागो बारा ते तेरा. कॉमेट हलकी आहे, चाकं लहान आहेत, म्हणून कमी खाते. बॅटरीतले पंधरा टक्के हात न लावता ठेवायचे असं धरलं तर कॉमेटच्या १७.३ युनिटमधले १४.७ वापरायला मिळतात, म्हणजे १४० किलोमीटर. १९.२ च्या टियागोत १६.३ युनिट, म्हणजे १३० किलोमीटर. २४ च्या टियागोत २०.४ युनिट, म्हणजे १६३. मोठ्या बॅटरीची म्हणून विकली जाणारी छोटी (१९.२ ची) टियागो कॉमेटच्या थोडी मागेच पडते, हे दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून कुणाच्या लक्षात येत नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं मांडावं लागतं. एसी किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो: तासाला साधारण एक युनिट, आणि उन्हात तापलेली गाडी थंड करताना त्याहून जास्त. खराब रस्त्यावर सरासरी वेग चाळीसचा पडला तर शंभर किलोमीटरला अडीच तास लागतात, म्हणजे अडीच युनिट एसीला गेले. त्या हिशेबाने मे महिन्यात कॉमेट ११३ वर येते, छोटी टियागो १०९ वर, मोठी १३६ वर. हायवेवर एसीचा वाटा निम्मा होतो, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. कॉमेटची मोटर ४२ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), वेगाची मर्यादा शंभरच्या आसपास. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे आणि मागून गाड्या त्याच वेगाने येतात. तिथे कॉमेट नेऊ नये. टियागोची २४ युनिटवाली ७५ पीएसची आहे. ती तिथे अवघडत नाही, फक्त नव्वदच्या पुढे युनिट भराभर जातात.

हे आकडे आपल्या गावाच्या नकाशावर ठेवून पाहावेत. यवतमाळहून वर्धा सत्तर किलोमीटरच्या आसपास, नागपूर दीडशेच्या. घरात आजारपण निघालं की आपल्याकडची माणसं वर्ध्याजवळचे सावंगी, सेवाग्रामचे दवाखाने किंवा नागपूरचं मेडिकल गाठतात. गाव यवतमाळच्या पलीकडे तीस किलोमीटर असेल तर सेवाग्राम एका बाजूला शंभर. मोठी टियागो भर उन्हाळ्यात पोचते आणि परतीसाठी जलद चार्जिंग घेऊ शकते. कॉमेटला डीसी जलद चार्जिंगची सोयच नाही. वाटेत कितीही मोठं चार्जिंग स्टेशन असलं तरी ती टाइप २ च्या एसी गनवरच, म्हणजे सावकाश चार्जिंगच्या प्लगवरच भरते: ३.३ ला सात तास, ७.४ वालं मॉडेल असेल तर साडेतीन. आणि एसी गन तिथे असलीच पाहिजे. आमच्या दृष्टीने दोन्ही गाड्यांमधला सगळ्यात मोठा फरक हाच. घरात दुसरी गाडी नसेल तर कॉमेट घेऊ नये, मग ती कितीही कमी खाऊ दे.

टियागोच्या जलद चार्जिंगबद्दलही एक गैरसमज आहे. दहा ते ऐंशी टक्के व्हायला तिला तासाला दोन मिनिटं कमी लागतात. २४ चे सत्तर टक्के म्हणजे १६.८ युनिट, म्हणजे सरासरी सतरा किलोवॅटने ती घेते. साठ किंवा शंभर किलोवॅटचा फलक पाहून वाकडी वाट करण्यात काही हशील नाही, तीस किलोवॅटच्या गनवर तेवढाच वेळ लागतो. ऐंशीनंतर वेग पडतो, तिथे गन काढून निघावं. बॅटरीला द्रवाने थंड ठेवायची सोय आहे, तरी पंचेचाळीस अंशात हायवेवरून धावत येऊन लगेच गन लावली तर चार्जिंग जरा रेंगाळतं. स्टेशन निवडताना ॲपवर ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून विसंबू नये. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते पाहावं आणि पुढच्या स्टेशनपर्यंत पोचेल एवढी बॅटरी राखूनच आत वळावं.

चिखलदऱ्याला जाणारे घाटाचं विचारतात. परतवाड्यापासून सातशे मीटरच्या आसपास चढण आहे. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी तेवढी उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली घट धरून तीन. हे रोजच्या खपाच्या वर. उतरताना त्यातला बराचसा भाग ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येतो, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. म्हणून वर मुक्कामाला चार्जिंग मिळालं तरी नव्वदच्या आत थांबवून उतरावं.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या डांबरी रस्त्यावर घेण्यात वेळ घालवू नये. गाडी पांदण रस्त्यावर न्यावी, घरची सगळी माणसं बसवून. टियागोचा ग्राउंड क्लिअरन्स १६६ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. बैलगाडीच्या चाकोरीत मधला उंचवटा किती आहे तो टेपने मोजून घ्यावा. बॅटरी खालीच असते. तिच्या कवचाला दगड लागला तर नुसता पत्रा ठोकून भागत नाही, आणि खालून आदळल्याची खूण असेल तर वॉरंटीच्या दाव्यात अडचण येते. दोन्ही बॅटरींवर आयपी६७ लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवून केलेली चाचणी असा आहे. वाहत्या नाल्यात गाडी घालायची ती परवानगी नव्हे.

चाकांवर थोडं थांबायला हवं. टियागोचा टायर १७५/६५ आर १४. या मापाचे टायर तालुक्याला मिळतात. कॉमेटचा १४५/७० आर १२. बारा इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि मागच्या सीटवर प्रत्येक गट्टू कळतो. हे माप सहसा दुकानात ठेवलेलं नसतं, आणि दुकानदार जुन्या अल्टोचा १४५/८० आर १२ पुढे करतो. तो बसतो, पण त्याचा व्यास साडेपाच टक्क्यांहून जास्त मोठा. स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही कमी दाखवतात आणि चाक वळवताना टायर घासू शकतो. स्टेपनी मिळते की नुसतं पंक्चर किट, हे दोन्हीकडे लेखी विचारावं. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये रुतला तर किट पुरतं. दगडाने बाजूची भिंत फाटली तर नाही.

बसायचं म्हटलं तर कॉमेट चार जणांची आणि दोन दारांची. मागे जायला पुढची सीट वाकवावी लागते. नऊवारीतल्या आजीला एकदा मागे बसवून आणि उतरवून पाहिलं की या मुद्द्यावर वेगळी चर्चा लागत नाही. मागे माणसं बसली की सामानाला जागा जवळजवळ नाही. सीट पाडली तर मात्र सोयाबीनची दोन पोती आरामात जातात. पुढे दोघांना ऐसपैस, वळायला फार सोपी. बाजारच्या दिवशी दारव्हा-दिग्रससारख्या ठिकाणी पार्किंग शोधताना तिच्यासारखी दुसरी नाही. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले लोक, रोज साठ-सत्तर किलोमीटर एकटे जाणारे, यांना ती शोभते. टियागो पाच जणांची, चार दारांची, २४० लिटरची डिकी. साधी हॅचबॅक; यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिच्यात नाही.

पैशाकडे येऊ. बॅटरीत जातं त्यापेक्षा मीटरवर दहा-पंधरा टक्के जास्त पडतं, कारण चार्जरमध्ये घट होते; २४ ची बॅटरी पूर्ण भरायला सत्तावीस युनिटच्या आसपास. लाईनवर शंभर-दीडशे रुपयांचा नव्हे, जरा बरा सबमीटर बसवावा म्हणजे वाद राहत नाही. महिन्याला हजार किलोमीटरला टियागो दीडशे युनिटच्या आसपास घेते, कॉमेट सव्वाशेच्या. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. घराचाच खप दीडशे असेल तर टियागोमुळे बिल ३०० च्या काठावर येतं आणि कूलरच्या दिवसांत पलीकडे जातं. त्या वरच्या युनिटचा दर धरूनच हिशेब करावा, सरासरीचा नव्हे. सगळा आकार मिळून युनिटला बारा रुपये धरले तरी टियागो किलोमीटरला दोन रुपयांच्या आत राहते. घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं तर दिवसाला बारा युनिट सरासरी मिळतात आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. गाडीचे युनिट त्यातून सहज निघतात.

कॉमेटला बॅटरी भाड्याने घ्यायची योजना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा गाडी ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये असं होतं. महिन्याला दीड हजार किलोमीटर चाललं की ३,७५० रुपये भाडं, वीज वेगळी. ही रक्कम विजेला जोडली की पेट्रोलशी असलेलं अंतर बरंच बुजतं. किमान किती किलोमीटरचं भाडं लागणारच, हे करारात शोधून वाचावं. पेरणीच्या महिन्यात गाडी अंगणात उभी असली तरी ते चुकत नाही.

बॅटरीची वॉरंटी दोन्हींना आठ वर्षांची, पण टियागोला १,६०,००० किलोमीटर आणि कॉमेटला १,२०,०००. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याची कॉमेटची वॉरंटी सात वर्षं भरायच्या आतच संपते. टियागोची आठ वर्षं पुरते. दोन्हींसाठी महिन्यातून एकदा तरी घरी सावकाश शंभर टक्के भरावी. नाहीतर टक्क्यांचा आकडा हळूहळू चुकायला लागतो आणि वीस दाखवता दाखवता एकदम आठवर येतो.

सर्व्हिसबाबत शोरूम कुठे आहे ते विचारू नये. हाय व्होल्टेजचं काम येणारा माणूस कुठल्या वर्कशॉपला बसतो, ते विचारावं. तालुक्याच्या शोरूममध्ये गाडी विकतात, पण बॅटरीचं काम बऱ्याचदा जिल्ह्याला किंवा नागपूरलाच होतं. गाडी बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मोठी बॅटरी नसून छोटी १२ व्होल्टची असते. ती उतरली की मोठीत ऐंशी टक्के असूनही गाडी चालू होत नाही. लग्नसराईत गाडी दोन-तीन आठवडे उभी ठेवायची असेल तर मधे एकदा सुरू करून ठेवावी. आणि बंद पडलीच तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नये. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, त्यात कंट्रोलर जाऊ शकतो. टियागो पुढच्या चाकांवर चालते, कॉमेट मागच्या. नुसतं एका बाजूने उचलायचंच झालं तर कुठली बाजू उचलायची ते यावरून ठरतं, पण चारही चाकं वर घेणारी गाडी (फ्लॅटबेड) मागवणंच बरं. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेताना फ्लॅटबेड किती किलोमीटरपर्यंत येतो ते पॉलिसीत पाहून घ्यावं. पन्नासची मर्यादा असेल तर दूरच्या गावाहून जिल्ह्याचं वर्कशॉपही त्यात बसत नाही.